बागला तगी

गेल्या जूनमधली गोष्ट. पहाटेचे साडेचार वाजले असतील. मृगाचा पाऊस रात्रभर लागून होता आणि गच्चीवरच्या पत्र्यावर त्याचा एकसारखा आवाज चालला होता. बायकोने खांद्याला धरून मला हलवलं. मला वाटलं, आईला बरं नाही की काय. पण ती अंधारात बसून होती आणि तिने विचारलं, "अहो, बागला तगी म्हणजे काय?" ती साताऱ्याची. लग्न होऊन बेळगावात आली त्याला बावीस वर्षं झाली. भाजीचा भाव करण्यापुरती, दूधवाल्याशी हिशेब करण्यापुरती कानडी तिला येते, त्यापलीकडे नाही. "दार उघड," मी सांगितलं. "तुम्ही झोपेत म्हणत होता. दोन-तीनदा. आधी हळू, मग मोठ्यानं. मला भीतीच वाटली. कुणाला म्हणत होता?" मी म्हटलं, आठवत नाही. ते खरं नव्हतं. स्वप्न सबंधच्या सबंध डोळ्यांसमोर उभं होतं, पण सांगायला जीभ वळेना. ती कुशीवर वळून झोपली. मी उजाडेपर्यंत पाऊस ऐकत पडून राहिलो.

स्वप्नात मी बेळगावातल्याच शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात उभा होतो. घरात नव्हे, बाहेर. मागच्या दाराशी. अंगावर पाऊस पडत होता. वय आजचंच, डोक्यावरचे केस आजच्यासारखेच पिकलेले, पण दाराची कडी माझ्या हाताच्या बरीच वर होती, लहानपणी असायची तशी. दाराच्या फटीतून पिवळा उजेड पायांवर पडला होता आणि आत माग चालू होता. बाबांचाच माग. गल्लीत पन्नास माग चालू असले तरी बाबांच्या पावडीचा आणि धोट्याचा ठेका मला वेगळा ओळखू येई; दर चौथ्या-पाचव्या फेकीला तो किंचित अडखळायचा. तो अडखळही स्वप्नात जशाच्या तसा होता. मी दार वाजवत होतो आणि म्हणत होतो, बागला तगी, बागला तगी. आतला माग थांबत नव्हता.

दार, पाऊस, बाबा गेल्यावर पाच वर्षांनी ऐकू आलेला माग, हे सगळं मी समजू शकत होतो. मला बोचत राहिली ती भाषा.

आमच्याकडे कोण कुठल्या भाषेत काय करतं हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. देवाशी मराठीत, कचेरीत कानडीत, मोजमाप करताना दोन्हींत, संताप आला की जी आधी सापडेल तीत. माझ्याबरोबर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा एक सहकारी घरी कानडी बोलतो, पण साचे मोजताना आकडे मराठीत म्हणतो, कारण ज्या मिस्त्रीकडे तो शिकला तो येळ्ळूरचा होता. हे आम्हाला नवं नाही. पण मी माझ्या घराच्या दाराशी उभा राहून, माझ्या बापाला, कानडीत हाक मारेन? बाबांशी मी जन्मात कानडीचा एक शब्द बोललो नव्हतो. जागेपणी ज्या दाराशी मराठीशिवाय दुसरी भाषा तोंडात आली नसती, त्याच दाराशी झोपेत ती कुठून आली?

पुढचे काही दिवस मी ज्याला त्याला विचारत सुटलो. पूर्ण स्वप्न सांगत नव्हतो, नुसतं म्हणायचो, बंद दार दिसलं तर काय अर्थ? सहकारी म्हणाला, अडलेलं काम आहे, जमिनीचं काही असेल तर बघ. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पितरांचं काही द्यायचं राहिलंय, पक्षात नीट पान वाढा. गणपत गल्लीत फुटपाथवर मिळणारं एक बारकं पुस्तक चाळलं, त्यात दारांचे चार-पाच प्रकार दिले होते : उघडं, बंद, मोडकं, सोन्याचं. बंद दारापुढे लिहिलं होतं, 'कार्यात विघ्न'. मी पुस्तक परत ठेवलं. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं, पण ते दार कुणाचंही असू शकलं असतं. माझ्या दाराला सागवानी फळ्या होत्या, खालच्या फळीला उंदरांनी कुरतडलेला अर्धगोल होता, आणि आतून आडवी घालायची एक आगळ होती, जिचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं.

अशा वेळी अव्वाला विचारलं असतं. गल्लीत स्वप्नांचा अर्थ लावायचा तर तिनेच.

अव्वा म्हणजे शेजारची. दोन घरांत मिळून एक भिंत, मागे एकच परसू, परसात एक आड. तीही मागाच्याच घरातली. तिचा नवरा आणि बाबा एकमेकांना सूत उसनं देत-घेत. आई कांड्या भरायला बसली की मला अव्वाच्या ओट्यावर सोडून द्यायची, आणि अव्वा मला खडक रोट्टीचा तुकडा, त्यावर गुरेळ्ळाची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि कच्च्या तेलाची धार असं हातावर ठेवायची. ती चटणी जिभेच्या कडेला जी झोंबते ती आजही कुठल्याही कानडी खाणावळीत माझे डोळे ओले करते. सकाळी तिचं परसातून आमच्याकडे येणं ठरलेलं असे. दाराची आगळ काढायचं काम माझं. ती बाहेरून हाक द्यायची, मी वाकळ फेकून पळत जायचो आणि दोन्ही हातांनी आगळ उचलायचो. आत आल्यावर तिचा पहिला प्रश्न, रात्री कनसु काय पडलं? कनसु म्हणजे स्वप्न. कानडीत त्याला एक जोडशब्द आहे, ननसु, म्हणजे जागेपणी खरं झालेलं. कनसु आणि ननसु. एका अक्षराचा फरक. अव्वा म्हणायची, मधे फक्त दार आहे.

तिचे अर्थ ठरलेले होते आणि तरी ठरलेले नव्हते. साप दिसला तर नागोबाचं काही राहिलंय. दात पडला तर घरातलं मोठं माणूस सांभाळा. लग्नाचा मांडव दिसला तर वाईट, आणि कुणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढलं. हे तर घरोघरी सांगतात. पण अव्वा अर्थ सांगण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारायची. साप कुठल्या खोलीत होता? तू पळालास की बघत राहिलास? काल कुणावर ओरडलास? आईने मारलं काय? मी सात-आठ वर्षांचा. उत्तरं देता देता आदल्या दिवसाची सगळी चोरीमारी बाहेर यायची आणि स्वप्न कुठल्या कुठे राहायचं. स्वप्न फारच वाईट असलं तर ती मला आडाशी घेऊन जायची. "बावीगि हेळ," म्हणायची. विहिरीला सांग. मी काठावर वाकून सांगायचो, खालून माझाच आवाज ओला होऊन वर यायचा, आणि मग ती दोन पोहरे पाणी काढून तुळशीला घालायची. झालं. त्या स्वप्नाचा पुन्हा विषय नाही.

आता मोठेपणी वाचताना मला राहून राहून वाटतं की थोरामोठ्यांनी ग्रंथांत जे लिहिलं त्यातलं पुष्कळ ती त्या ओट्यावर करत होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, मागितलेलं, कल्पिलेलं, पुढे घडणार ते, आणि शरीरातल्या दोषांनी उठलेलं. यातली पहिली पाच निष्फळ, असं चरक सांगतो; त्यांच्यातून भविष्य काढू नये. दिवसा पडलेलं, फार आखूड, फार लांब, तेही सोडून द्यावं. रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ थोडं, आणि जे पाहिल्यावर पुन्हा झोप लागत नाही त्याचं मोठं. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो त्याचं मूळ अशाच कुठल्या विचारात असणार. मी त्या यादीसमोर बराच वेळ थांबलो. पुन्हा झोप लागली नव्हती, हे तर खरंच. पण माझं बोट फिरून फिरून दुसऱ्या शब्दावर येत होतं. श्रुत. ऐकलेलं.

बृहदारण्यक उपनिषदात एक जागा आहे, ती मला याहून जवळची वाटते. तिथे म्हटलंय की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, वाटा नसतात. झोपलेला तो रथ, ते घोडे, त्या वाटा स्वतः निर्माण करतो. कर्ता तोच. हे वाचलं की छाती दडपते. म्हणजे ते दारही मीच बसवलं होतं, वरची कडी मीच हाताच्या पलीकडे ठेवली होती, आणि आतला माग न थांबवणाराही मीच.

पाश्चात्त्यांकडे गेलो ते यासाठीच. फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात छापून आला, मुखपृष्ठावर साल घातलं १९००. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती होत्या आणि त्या खपायला आठ वर्षं लागली. आज त्याचं नाव निघालं की लोकांना छत्री, जिना, चावी आणि त्यांचे ते ठरावीक अर्थच आठवतात. मला वाटतं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा खरा आग्रह वेगळा होता. स्वप्न ज्याला पडलं त्यालाच, स्वप्नाच्या एकेका तुकड्यावरून काय काय आठवतं ते विचारायचं, आणि तो सांगेल त्या धाग्याने जायचं. अव्वाची तीच तर रीत. तो म्हणतो, स्वप्न अनेक गोष्टी एकात दाबून बसवतं, दहा माणसांचा मिळून एक चेहरा करतं. आणि मनाला जे लागलेलं असतं त्याच्यावरचं वजन काढून भलत्याच क्षुल्लक वस्तूवर ठेवतं. म्हणून जागं झाल्यावर आपण दाराकडे बघत बसतो.

फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी युंग पुढे वेगळ्या वाटेने गेला. त्याचं म्हणणं, स्वप्नातली सगळी माणसं आपलीच अंगं म्हणूनही वाचून पाहावीत. बाहेर उभा आहे तो तूच, आत बसलाय तोही तूच. १९०९ मध्ये त्याला एका घराचं स्वप्न पडलं होतं : वर सजवलेला दिवाणखाना, खालचा मजला जुना, त्याखाली रोमन काळचं तळघर, आणि त्याखाली गुहेत हाडं, खापरं आणि दोन कवट्या. फ्रॉइड त्याला खोदून खोदून विचारत राहिला, कवट्या कुणाच्या? शेवटी युंगने त्याचं समाधान व्हावं म्हणून दोन नावं खोटीच सांगितली. हे त्याने स्वतः म्हातारपणी कबूल केलंय. स्वप्न सांगताना माणूस कुठे वळण घेतो हे मला या प्रसंगातून जितकं कळलं तितकं सिद्धांतांतून कळलं नाही.

आणि हे सगळं झूट आहे असं मानणारेही आहेत, त्यांचंही मी मन लावून वाचलं. १९५३ साली शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली ती अवस्था नोंदवली ज्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. साधारण दीड-दीड तासाने ती परत येते, पहाटेकडे लांबत जाते. त्या वेळी अंगाचे स्नायू ढिले पडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करून दाखवलं असतं. १९७७ मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की मेंदूच्या खालच्या भागातून उठणारे संकेत वर जातात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतो. अर्थ आधी नसतो, तो मागाहून विणला जातो. मागकऱ्याच्या पोराला ही कल्पना पटायला वेळ लागत नाही. पण तरी मी म्हणेन, की सूत कुठलंही येवो, वीण विणणाऱ्याच्या हाताची असते. शहापुरात काठ बघून कुणाच्या मागावरची साडी ते सांगणारी माणसं होती.

सगळ्यात जास्त अडकलो ते फ्रॉइडच्याच एका निरीक्षणाशी. तो म्हणतो, स्वप्न स्वतः बोलणं रचू शकत नाही. स्वप्नात एखादं वाक्य स्पष्ट उच्चारलं गेलं तर ते कधीतरी खरोखर बोललेलं किंवा ऐकलेलं असतं. स्वप्न ते उचलतं, तोडतं, भलत्याच्या तोंडी घालतं, पण नवं घडवत नाही. हे सर्वांना मान्य नाही हे मला ठाऊक आहे. पण ते वाचलं त्या रात्री पुन्हा चरकाचा शब्द आठवला आणि मी उठून बसलो.

उलगडा मात्र झाला बसमध्ये. आठवड्याने खानापूरला जायचं होतं. पावसाने खिडक्या लावून घेतलेल्या, आत ओल्या छत्र्यांचा आणि कुणाच्यातरी टोपलीतल्या फणसाचा वास. देसूरच्या पुढे मागच्या दारातून पाण्याचे सपकारे यायला लागले तसा कंडक्टर ओरडला, "बागला हाकरी!" दार लावून घ्या. मी ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. हाकरी. आणि अंगावर काटा आला. हाक-री. आमच्याकडच्या कानडीत त्या शेवटच्या 'री'त सगळा मान असतो. बर्री, होगरी, कुंदर्री : या, जा, बसा. माझी कानडी शाळेत, बसमध्ये आणि कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे शिकलेली, परक्यांशी बोलायची कानडी. तिच्यात 'री'शिवाय क्रियापद नाही. मी दार उघडायला सांगितलं तर 'तगीरी' म्हणेन. 'तगी' म्हणणार नाही, स्वप्नातही नाही, तशी सवयच नाही जिभेला. 'तगी' असं कुणीतरी मोठं माणूस लहानाला म्हणतं. आपल्या पोराला म्हणतं.

ते वाक्य माझं नव्हतं. ते मला म्हटलेलं होतं.

१९८६ चा जून, कानडीसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचा. बेळगावच्या मराठी माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही आणि मी सांगणारही नाही. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाशी दर १ जूनला फुलं वाहिली जातात, आमच्याही घरातून कुणी ना कुणी जातं, मीही जातो, आणि मनापासून जातो. मी सांगतोय ती त्याच दिवसांतली एक रात्र. मी नऊ वर्षांचा. गल्लीतले सगळे माग बंद होते. तो आवाज जन्मापासून कधी थांबलेला मी ऐकला नव्हता, त्यामुळे ती शांतता कानांत दुखत होती. बाबांनी पुढचं दार लावलं, मग मागचं, आणि आगळ घातली. एरवी आम्ही झोपताना घालायचो ती अंदाजाने. त्या रात्री त्यांनी ती ठोकून बसवली. दिवा मालवला. मधल्या खोलीत सगळे एका ओळीत आडवे झालो. लांब कुठेतरी ओरडा होत होता, मग पाऊस आला आणि तो ओरडा पुसला गेला. आणि मग परसाच्या दारावर थाप पडली. जोरात नाही. तळहाताची. मग अव्वाचा आवाज, दबका, रोज सकाळी असायचा त्याहून खाली : "बागला तगी, मगा." मगा म्हणजे बाळा. ती आईला नाही म्हणाली, बाबांना नाही. त्या दाराची आगळ मी काढायचो, म्हणून मला म्हणाली.

मी उठायला गेलो असेन. कारण बाबांचा हात माझ्या छातीवर आला आणि तिथेच राहिला. त्यांच्या पंज्याला सुताच्या खळीचा वास यायचा. हात दाबत नव्हता, नुसता ठेवलेला होता, जड. दुसऱ्यांदा थाप. दुसऱ्यांदा तेच शब्द. तिसऱ्यांदा नुसते शब्द. मग परसातल्या चिखलात पावलं वाजली आणि पाऊस राहिला.

ती का आली होती, मला माहीत नाही. घरात कुणी आजारी असेल. तिच्या पुढच्या दाराशी कुणी आलं असेल. किंवा आम्हालाच काही सांगायला आली असेल, सावध करायला. तेही तिच्या स्वभावात होतं. दुसऱ्या दिवशी ती आडावर दिसली. धडधाकट. पोहरा ओढत होती. माझ्याकडे बघून हसली की नाही हे मला आठवत नाही आणि त्याचाच त्रास जास्त होतो. पुढे काही दिवसांनी सगळं पूर्ववत झालं, सूत उसनं सुरू झालं, सणाला ताटं इकडून तिकडे गेली. फक्त ती सकाळी परसातून यायची ती पुढून यायला लागली, आणि कनसु काय पडलं म्हणून विचारणं थांबलं. दीड-दोन वर्षांनी तिच्या मुलाला धारवाडला नोकरी लागली, तो तिला घेऊन गेला. आम्हीही पुढे अनगोळला आलो. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबा धारवाडला जाऊन आले, एकटे. आल्यावर दोन दिवस मागावर बसले नाहीत.

बाबांना मी दोष देऊ शकत नाही. तसा प्रयत्न करून पाहिला. अंधारात, दोन पोरं आणि बायको घरात असताना, बाहेर अव्वा एकटीच आहे की तिच्या मागे आणखी कुणी आहे हे कुणाला कळणार होतं? नऊ वर्षांच्या पोराच्या छातीवर हात ठेवणारा बाप मीही झालो असतो. पण मग चाळीस वर्षं ती थाप माझ्यात कुठे बसून होती? मी ती विसरलो होतो, खरोखर विसरलो होतो. आणि आली तेव्हा अशी आली की मलाच तिच्या जागी, पावसात, त्या दाराबाहेर उभं करून गेली. तिचे शब्द माझ्या तोंडात. आतला माग बाबांचा. उघडत नव्हता तो मी. दहा माणसांचा एक चेहरा करतं म्हणतात ते हेच असावं.

तुकोबांना स्वप्नात नामदेवांनी येऊन जागं केलं आणि कवित्व करायला लावलं. बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. अव्वाच्या बाजूला सांगतात की कूडलसंगमाच्या देवाने बसवण्णांच्या स्वप्नात येऊन त्यांना मंगळवेढ्याला जायला सांगितलं. मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात आहे. स्वप्नं अशी या नकाशावर इकडून तिकडे पूर्वीपासून येत-जात आलेली आहेत. त्या थोरांना त्यांत काम सांगितलं गेलं आणि त्यांनी ते केलं. मला सांगितलेलं काम एवढंसं होतं, आणि ते करायची वेळ १९८६ मध्येच होऊन गेली.

आईला सांगायचं की नाही यात महिना गेला. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. ऐकू नीट येतं, गुडघे मात्र गेलेत. एका दुपारी ती खिडकीशी बसून शेंगा फोडत होती, मी समोर बसलो आणि मधलं सगळं सोडून स्वप्न तेवढं सांगितलं. परसातलं दार, पाऊस, आत बाबांचा माग, आणि मी कानडीत हाक मारतोय. कुठली हाक तेही सांगितलं. वाटलं होतं ती विचारेल, कोण अव्वा, कुठली रात्र. तिने मूठभर शेंगा ताटलीत सोडल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तू तर झोपला होतास की रे."

शेंगा फोडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी गप्प बसलो. ती खरं सांगत असेल, तर मी ती थाप झोपेतच ऐकली आणि बाबांचा हात, खळीचा वास, पावलं, हे सगळं त्याच रात्री स्वप्नात जोडलं. श्रुत. आणि ती खोटं सांगत असेल, तर मी झोपलो होतो असं तिनेच इतकी वर्षं स्वतःला सांगितलं असणार. थाप पडलीच नाही, असं मात्र ती म्हणाली नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मग? उघडलं काय कुणी?"

स्वप्नात कुणीही उघडलं नव्हतं. "उघडलं," मी म्हटलं.

"कोण?"

"बाबांनी."

आईने पदराने हात पुसले. भिंतीला धरून उठली. मी हात द्यायला गेलो, तो तिने घेतला नाही. एकेक पाऊल टाकत ती मागच्या मोरीत गेली आणि दार ओढून घेतलं. नळ सुटल्याचा आवाज आला, बादली भरून वाहायला लागल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाखाली तिचं हळू बोलणं. शब्द लागत नव्हते. मी ताटलीतली टरफलं गोळा करत बसलो. नळ बराच वेळ चालू होता.